जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवायला किती खर्च येतो?

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. १९८८ च्या दिवाळीत मामाने मुंबईहून आणलेला टू-इन-वन जात्याशेजारी पाटावर ठेवून ती भरली होती. काही वर्षांपूर्वी ती एका दुकानात 'डिजिटल' करायला दिली. अडीचशे रुपये घेतले आणि दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्ह हातात आला. घरी लावून ऐकलं. आजीचा आवाज लख्ख होता, जातं मात्र गायब. एकसारखी घरघर म्हणजे गोंगाट, असं सॉफ्टवेअरने ठरवलं आणि दुकानदाराने त्यावर मान डोलावली. दोन ओव्यांमधल्या 'रिकाम्या' जागाही कापल्या होत्या. तिथे आजी पीठ सारता सारता मामीशी काहीबाही बोलायची. तेही गेलं.

दुकानदाराने फसवलं नव्हतं. मी काय मागायचं ते मला ठाऊक नव्हतं आणि त्याने सगळ्यांना देतो तेच मला दिलं. बारशाची, लग्नाची, गावच्या कीर्तनाची, हौशी नाटकाच्या तालमीची अशी एखादी तरी कॅसेट बहुतेक घरांत अजून पडून असते. ती उतरवून घेण्याआधी आवाजाच्या चार गोष्टी कळल्या, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपलं आपल्याला ठरवता येतं. खाली दिलेले रुपयांचे आकडे चौकशीपुरते, ढोबळ आहेत. गावागणिक आणि दुकानागणिक ते बदलणारच.

पैसे कशाचे? तासांचे

कॅसेटची पट्टी सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. साठ मिनिटांची कॅसेट नीट उतरवायची तर साठ मिनिटं लागतातच, त्याला आडवाट नाही. त्याआधी कॅसेट तपासणं, डेकचं हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) पुसणं, आवाजाची पातळी लावणं यांत पंधरा मिनिटं जातात. नंतरचं संपादन नुसतं सुरुवात-शेवट छाटण्याचं असेल तर अर्ध्या तासात होतं. कान देऊन सफाई करायची असेल तर एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला दोन-तीन तास सहज लागतात.

म्हणून दर ऐकला की मनात भागाकार करा. कोणी शंभर रुपयांत साठ मिनिटांची कॅसेट करून देत असेल, तर तो ती लावून दुसऱ्या कामाला निघून जाणार, हे उघड आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग पट्टी मध्येच अडकली किंवा एक बाजू बंद पडली तर ते कोणाच्या लक्षात येणार नाही. कोणी हजार रुपये सांगत असेल तर त्यातले किती तास माणूस प्रत्यक्ष ऐकणार आहे, हे विचारा.

आवाजाचं मोजमाप

आवाज म्हणजे हवेतली थरथर. सेकंदाला किती वेळा थरथरते ते हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वय वाढतं तसं वरचं टोक खाली येतं. कॅसेटवर ही थरथर चुंबकीय कणांच्या रूपात सलग उमटलेली असते. संगणकाला सलग काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून तो ती लाट ठरावीक अंतराने मोजतो.

सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदात किती वेळा मोजलं. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला. जी थरथर पकडायची तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, असा नियम आहे. वीस हजारांच्या दुपटीला थोडी जागा सोडून हा आकडा येतो. घरगुती कॅसेटवर इतका बारीक आवाज मुळात उमटलेलाच नसतो. त्यामुळे ४४,१०० किंवा ४८,००० पुरतात. मोठी संग्रहालयं ९६,००० वर काम करतात. बारशाच्या कॅसेटसाठी त्याचे जादा पैसे मागितले तर नम्रपणे नको म्हणा.

बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक मोजणीची पट्टी किती बारीक आखली आहे. सोळा बिटच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात, चोवीस बिटच्या पट्टीवर एक कोटी सदुसष्ट लाखांवर. दर बिटमागे साधारण सहा डेसिबल हिशेबात धरतात. म्हणजे सोळा बिटला सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल, चोवीसला १४४. साध्या कॅसेटचा आवाका याहून बराच कमी असतो, तरीही उतरवताना चोवीस बिट मागा, कारण मग पातळी जरा खाली ठेवून वर मोकळी जागा सोडता येते.

ती मोकळी जागा का हवी? डिजिटल मापाला कडा असते. मापात मावत नाही ते दूध सांडतं, तशी कडेबाहेरची लाट सपाट कापली जाते. याला क्लिपिंग म्हणतात. नाट्यगृहातल्या टाळ्या किंवा ढोलकीची थाप अशी कापली गेली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्वीसारखा शिवता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शून्य डेसिबल ही वरची कडा असते. सर्वांत मोठा आवाजही उणे सहाच्या खाली राहील अशी पातळी लावलेली बरी. हळू आला तर नंतर वाढवता येतो.

दुकानात नेण्याआधी: खर्च शून्य

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात. ते मोडा. मग चुकून कोणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते दबणार नाही. हे काम सर्वांत आधी, आजच करा.

उजेडात धरून पट्टी पाहा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या दमट घरांत ती हमखास सापडते. अशी कॅसेट लावू नका. तिची बुरशी डेकला आणि डेकमधून पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कारागिराला आधी सांगा.

पट्टीच्या मागे मधोमध नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो. तो पट्टीला हेडवर दाबून धरतो. तो गळून पडला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. कॅसेटच्या खोक्याला स्क्रू असतील तर पट्टी दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येते. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, कारागिराकडून करून घेतलं तर शे-दीडशे रुपयांचं. खोकं चिकटवलेलं असेल तर ते फोडावं लागतं, मग थोडं जास्त.

आणि प्रत्येक कॅसेटवर अंक घाला: १-अ, १-ब, २-अ. वहीत त्यापुढे कोणाचा आवाज, कुठलं साल, कुठलं घर ते लिहा. ही माहिती दुकानदार देऊ शकत नाही.

घरी करायचं तर

– चालू स्थितीतला जुना डेक किंवा वॉकमन: ५०० ते ४,००० रुपये. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहे. विकत घेण्याआधी स्वतःची एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून ऐका. आवाज डगमगत असेल तर रबरी पट्टा सैल झालाय. पट्टा स्वस्त असतो, तो बसवणारा माणूस मिळणं कठीण.

– यूएसबी ऑडिओ इंटरफेस: २,५०० ते ४,००० रुपये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका. ते बहुधा एकाच वाहिनीचं असतं आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी बनलेलं असतं. तीन-चारशे रुपयांचे यूएसबी तुकडेही मिळतात, पण त्यांचा स्वतःचा खरखराट बऱ्याचदा कॅसेटपेक्षा जास्त.

– वायरी: १०० ते ३०० रुपये. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली.

– आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस: १०० ते २०० रुपये. दर दोन-तीन कॅसेटनंतर हेड पुसायचं. कापसावर तपकिरी डाग आला की समजायचं, तेवढा आवाज हेडवर राहत होता.

– सॉफ्टवेअर: ऑडॅसिटी पूर्ण मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं. पुढे जायचं असेल तर रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं. घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे.

कॅसेटच्या आकाराचे, थेट यूएसबी लावायचे दीड-दोन हजारांचे खेळण्यासारखे कन्व्हर्टर ऑनलाइन दिसतील. ते चालतात, पण त्यांची मोटर हलकी आणि चाल डगमगती. गप्पांच्या कॅसेटला चालून जातील, गाण्याला नको.

एक बारीक गोष्ट. डेकच्या हेडशेजारी एक लहानसा स्क्रू असतो. त्याने हेडचा तिरपेपणा बदलतो. कॅसेट भरणाऱ्या यंत्राचं हेड आणि आपलं हेड एका कोनात नसलं तर 'स', 'श', टाळांची किणकिण हे सगळं बोथट होतं. स्क्रू अगदी किंचित फिरवत आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबायचं. हे दोन मिनिटांचं काम जे देतं, ते नंतरच्या दोन तासांच्या सफाईने येत नाही. बाहेर काम देतानाही 'प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन लावता का?' एवढं विचारा. उत्तरावरून कारागीर कळतो.

संपादनात कशाचे पैसे द्यावेत

*छाटणी आणि तुकडे:* द्यावेत. सुरुवातीची खडखड काढणं, दोन्ही बाजू वेगळ्या करणं, गाणी वेगवेगळी करून नावं देणं. कंटाळवाणं काम आहे आणि वेळ वाचतो.

*आवाज वाढवणं:* वेगळे पैसे नकोत. नॉर्मलाइझ नावाची आज्ञा सर्वांत मोठा आवाज ठरलेल्या उंचीवर नेते आणि बाकी सगळा त्याच प्रमाणात वर येतो. त्याला सेकंद लागतात. कॉम्प्रेशन वेगळं. त्यात मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणतात. व्यासपीठावरच्या भाषणाला ते उपयोगी पडतं, गाण्याचा जीव मात्र त्याने जाऊ शकतो.

*वेग सुधारणं:* द्यावेत, गरज असेल तर. भरताना सेल उतरलेले असतील तर पट्टी हळू सरकलेली असते आणि आज योग्य वेगाने लावली की आजोबा लहान मुलासारखे बोलतात. टेपरेकॉर्डर विजेवर चालला असेल तर वीजप्रवाहाची गुणगुण कधीकधी मागे उमटते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. फाइलमध्ये ती ५२ ला दिसली तर वेग चार टक्के चढा आहे, हे पक्कं कळतं.

*खरखर काढणं:* इथे सांभाळा. सॉफ्टवेअरला नुसत्या खरखरीचा दोन-तीन सेकंदांचा नमुना दाखवायचा, मग ते तसला आवाज सगळीकडून वजा करतं. थोडं वजा केलं तर बरं वाटतं. जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. शिवाय यंत्राला खरखर आणि घरघर यांतला फरक कळत नाही. जातं, तानपुरा, पाऊस, पंखा, चुलीचा भाता, एकसारखं जे जे चालू असतं ते सगळं त्याला गोंगाटच. 'एआयने आवाज सुधारतो' म्हणणाऱ्या सेवा तर बहुधा फक्त बोलणं राखायला शिकवलेल्या असतात. व्याख्यानाला त्या वापरा. भजनाला, ओव्यांना, गोंधळाला वापरण्याआधी पाच मिनिटांचा नमुना करून ऐका.

म्हणून या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कच्ची फाइल मागून घ्या. कॅसेटमधून जसा आला तसा, काहीही न छाटलेला, न पुसलेला आवाज. सफाई केलेली प्रत वेगळी. सफाई पुढे कधीही, आणखी चांगल्या सॉफ्टवेअरने पुन्हा करता येते. कॅसेट मात्र दर वर्षी म्हातारी होते.

फाइल कुठली आणि किती मोठी

कच्ची फाइल वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात हवी. फ्लॅक आवाजातला कणही न गमावता फाइल लहान करतो. एमपीथ्री कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मामेभावंडांना पाठवायला तो उत्तम, जपून ठेवायला नाही. आणि एमपीथ्रीचं पुन्हा वेव्ह केलं तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. काही ठिकाणी असं करून 'हाय क्वालिटी' म्हणून देतात.

हिशेब साधा आहे. सीडीच्या मापाने स्टीरिओ आवाज मिनिटाला साधारण साडेदहा एमबी, तासाला ६३५ एमबी. चोवीस बिट, ४८,००० ला तासाला एक जीबीहून किंचित जास्त. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला तासाला जेमतेम ५८ एमबी. तुम्हाला अख्ख्या तासाची 'कच्ची' फाइल म्हणून साठ एमबीचं काही दिलं, तर ते कच्चं नाही.

घरगुती रेकॉर्डर बहुधा एका माइकचे, म्हणजे मोनो असत. तरीही उतरवताना स्टीरिओच उतरवा. पट्टीची एक कडा खराब असेल तर दुसऱ्या वाहिनीवर स्वच्छ आवाज मिळतो. दोन्ही आधीच एकत्र केल्या तर ती सोय जाते.

प्रती तीन ठेवा: एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन. घरी लिहिलेल्या सीडीवर भिस्त नको, त्यांचा रंगथर विटतो.

बारा कॅसेटचा हिशेब

समजा घरात साठ मिनिटांच्या बारा कॅसेट आहेत. दुकानाचा दर नुसतं उतरवण्याला कॅसेटमागे ३०० आणि संपादनाला ताशी ५०० रुपये आहे.

सगळ्याच बाराही कॅसेटची पूर्ण सफाई, कॅसेटमागे तीन तास धरून: उतरवणं ३,६०० अधिक संपादन १८,००० म्हणजे २१,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २५,४८८ रुपये.

बाराही कच्च्या उतरवून घेतल्या, मग घरी बसून ऐकल्या आणि फक्त दोन कॅसेट सफाईला दिल्या तर: ३,६०० अधिक ३,००० म्हणजे ६,६००. कर धरून ७,७८८ रुपये.

घरी करायचं तर डेक, इंटरफेस, वायरी आणि किरकोळ धरून साडेसहा हजारांच्या आसपास, आणि तुमचे पंधराएक तास. कर धरून दुकानाचा दर कॅसेटमागे ३५४ पडतो. म्हणजे अठरा-एकोणीस कॅसेटच्या पुढे घरचं काम स्वस्त पडू लागतं. चार-पाचच असतील तर त्यासाठी सामान घेऊ नका.

जीएसटी नोंदणी असलेलाच लावू शकतो. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल आणि तरीही कर लावला असेल तर विचारा.

काम देताना पावतीवर लिहून घ्या

१. किती कॅसेट दिल्या, त्यांचे अंक आणि स्थिती.
२. कच्ची फाइल: वेव्ह किंवा फ्लॅक, चोवीस बिट, ४८,०००, स्टीरिओ.
३. कच्च्या फाइलला कुठलीही सफाई नाही, मधल्या जागा कापायच्या नाहीत.
४. दोन्ही बाजू, शेवटपर्यंत. बाजू रिकामी वाटली तरी पूर्ण चालवायची. गाण्यानंतर दहा मिनिटांनी कोणी तरी पुन्हा बोलू लागलेलं असतं.
५. पट्टी तुटली तर आधी फोन, मग हात.
६. मूळ कॅसेट परत.
७. आधी एका कॅसेटचा नमुना, मग उरलेल्या.

पावतीवर लिहिलेलं काम झालं नाही आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती नसेल तर सांगायला काहीच उरत नाही.

विकत घेतलेल्या कॅसेटचं वेगळं आहे. स्वतःच्या ऐकण्यापुरती प्रत काढणं ही एक गोष्ट, ती यूट्यूबवर चढवणं दुसरी. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे ऐंशीच्या दशकातली भावगीतं अजून हक्कात आहेत.

मूळ कॅसेट

शेवटची सूचना फुकटची आहे: फाइल मिळाली म्हणून मूळ कॅसेट फेकू नका. कोरड्या जागी, उभी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. पहिल्या वेळी फाइल मिळाल्यावर मी मावशीला म्हटलं होतं, आता तो कॅसेटचा डबा काढून टाक. तिने बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा फडताळात तसाच ठेवला. दोन वर्षांनी तीच कॅसेट दुसऱ्या कारागिराकडे दिली. त्याने नमद्याचा तुकडा बदलला, हेडचा कोन लावला, साठ मिनिटं समोर बसून ऐकली आणि सहाशे रुपये घेतले. सफाई काही केली नाही. फाइल लावली तर आधी जातंच ऐकू आलं, मग आजी. आणि सातव्या मिनिटाला ती मामाला सांगते, "अरे, ते बंद कर आता, तुझी पट्टी फुकट जातीये."